आधी यादी वाचा

मतदानाचा दिवस मावळला की टक्केवारीचे आकडे येतात आणि त्यांच्यामागोमाग बोलणीही येतात. शहरी मतदाराला कशाचं काही नाही, जोडून सुट्टी मिळाली की लोणावळ्याला पळतो, मग खड्ड्यांबद्दल बोलण्याचा हक्क याला दिला कुणी? त्यावरचे उपायही ठरलेले असतात. बोटावरची शाई दाखवणाऱ्याला बिलात सवलत द्या, मत न देणाऱ्याच्या सरकारी सोयी बंद करा, नाहीतर मतदान सक्तीचंच करून टाका. दुसरीकडून तितक्याच मोठ्या आवाजात सांगितलं जातं की मतदार यादीच बोगस आहे, दुबार नावांनी भरली आहे, मग रांगेत उभं राहायचं कशाला? दोन्हीकडचं ऐकून माझं मत असं झालं आहे की हा वाद सुरूच चुकीच्या टोकापासून होतो. मतदान वाढवण्याचं काम मतदानाआधीच्या पंधरा दिवसांत होत नाही. ते यादीपासून सुरू होतं आणि दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत करावं लागतं. ते करायला वस्तीतल्या पाच-दहा जणांच्या नागरी गटाइतकं योग्य कुणी नाही. आज असे बहुतेक गट प्रभातफेरी, पथनाट्य आणि सेल्फी पॉइंट यांत आपली शक्ती संपवतात. त्यांनी ते बाजूला ठेवून आपल्या केंद्राची यादी हातात घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

आधी टक्केवारीचं गणित पाहू. एका केंद्रावर हजार नावं आहेत आणि पाचशे लोकांनी मत दिलं, तर आपण पन्नास टक्के म्हणतो. पण त्या हजारांतले दीडशे जण वारले असतील, घर बदलून गेले असतील किंवा त्यांचं नाव दोनदा असेल, तर प्रत्यक्षात साडेआठशेंपैकी पाचशे जणांनी, म्हणजे जवळजवळ एकोणसाठ टक्के लोकांनी मत दिलेलं असतं. जे लोक त्या वस्तीत राहतात पण यादीतच नाहीत, ते या हिशेबात कुठेही दिसत नाहीत. म्हणजे भाजक फुगलेला आहे आणि अर्धवटही आहे. बिहारमध्ये २०२०च्या विधानसभेला सुमारे ५७ टक्के मतदान झालं होतं, ते २०२५ मध्ये सुमारे ६७ टक्क्यांवर गेलं. मतं खरोखरच वाढली, त्यात शंका नाही. पण मधल्या काळात यादी ७ कोटी ८९ लाखांवरून ७ कोटी ४२ लाखांवर आली होती, हे सांगितल्याशिवाय त्या दहा टक्क्यांचा अर्थ लावता येत नाही. मग आपल्या शहराच्या आकड्यावरून आपल्या शेजाऱ्यांचं चारित्र्य ठरवण्याची घाई आपण का करतो?

अनास्था खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०२४च्या विधानसभेला राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं, गडचिरोली जिल्ह्यात ते सत्तरीच्या पुढे गेलं आणि मुंबईत कुलाब्यात पंचेचाळीसलाही पोचलं नाही. गडचिरोलीतला माणूस रानवाट तुडवत केंद्रावर येतो, कुलाब्यात केंद्र हाकेच्या अंतरावर असतं. ज्याचं पाणी, वीज, शाळा, दवाखाना सगळं पैशाने विकत घेतलेलं आहे, त्याला नगरसेवकाची गरज भासत नाही आणि तो घरी बसतो. हे खरं आहे आणि ते लाजिरवाणं आहे. पण या एका चित्रावरून सगळ्या शहराला शिव्या घातल्या की ज्याला मत द्यायचं होतं आणि देता आलं नाही, तो माणूस आपल्या नजरेआड होतो. पुण्यात २०१४च्या लोकसभेला अशी असंख्य माणसं जुनी ओळखपत्रं हातात घेऊन केंद्रावरून परत फिरली आणि जिल्हाधिकारी कचेरीसमोर जमली. वर्षानुवर्षं मत देणाऱ्यांची नावं गायब होती. त्या दिवशी त्यांना जागृतीची गरज होती का?

यादी हा कारकुनी विषय आहे असं आपल्याला वाटतं, पण या देशातल्या मताधिकाराची पहिली लढाई यादीवरच झाली. राज्यघटना तयार होण्याआधी, १९४८ पासूनच, प्रौढ मताधिकाराच्या याद्या करायला घेतल्या होत्या. फाळणीने उखडलेल्या लोकांकडे राहण्याचा कुठलाच पुरावा नव्हता. त्यांच्या वतीने गावोगावच्या, शहराशहरांतल्या छोट्या संस्थांनी दिल्लीला संविधान सभेच्या सचिवालयाकडे पत्रं पाठवली, अडचणी कळवल्या, आणि सचिवालयाने त्यांना उत्तरं दिली. निर्वासिताने इथे कायम राहण्याचा इरादा जाहीर केला तरी त्याचं नाव नोंदवावं, अशी सोय झाली. आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढीच त्यांची नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. त्यांचा मताधिकार कायद्याने कुणीच काढून घेतला नव्हता. दारात जाऊन, विश्वासाने बोलून, ‘बाई, तुमचं स्वतःचं नाव सांगा’ म्हणणारं ओळखीचं माणूस त्या वस्त्यांमध्ये नव्हतं.

आज ती जागा आपल्याला घ्यायची आहे. मी आमच्या भागातल्या अशा एका गटात काम करते, म्हणून यात काय सापडतं ते माहीत आहे. एका मतदान केंद्राची यादी म्हणजे साधारण हजार-बाराशे नावं, एका पानावर तीस, म्हणजे सुमारे चाळीस पानं. वस्ती ओळखणारी चार माणसं बसली तर दोन संध्याकाळी वाचून होते. तेवढ्यात कळतं की लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरीच आहे, भाड्याने राहणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच यादीत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका जाऊन सात वर्षं झाली तरी ते मतदार आहेत. भाडेकरूंचं कारण विचारलं तर उत्तर नेहमीचं असतं: घरमालक नको म्हणतो, नाव लागलं तर जागा बळकावतील अशी त्याला भीती वाटते. मतदार यादीतल्या नावाने घराचा कसलाही हक्क मिळत नाही, हे मालकाला समजावून सांगायला सोसायटीचा सचिव किंवा शेजारचा ओळखीचा माणूसच लागतो. सरकारी फलक ते काम करू शकत नाही. सहा नंबरचा अर्ज नव्या नावासाठी, आठ नंबरचा पत्ता बदलण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी, सात नंबरचा नाव वगळण्यासाठी. आणि २०२२ पासून अठरा वर्षं पूर्ण झाल्याचं धरायला वर्षात एकाऐवजी चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. ही माहिती मतदानाला आठवडा राहिला असताना सांगून उपयोग नसतो, कारण तोवर यादी बंद झालेली असते. प्रभातफेऱ्या मात्र नेमक्या त्याच आठवड्यात निघतात.

सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे ऑस्ट्रेलियाचं उदाहरण असतं आणि ते भक्कम आहे. १९२२ मध्ये तिथे साठ टक्क्यांच्याही आत मतदान झालं, १९२४ मध्ये सक्तीचा कायदा आला आणि १९२५ मध्ये आकडा नव्वदीच्या पुढे गेला. पण त्या देशात मतदान शनिवारी असतं, आधी मत देण्याची आणि टपालाने मत देण्याची सोय असते, आणि नावनोंदणीची सक्ती मतदानाच्या सक्तीआधीच लागू झालेली होती. आधी यादी आणि सोय, मग दंड. आपल्याकडे गुजरातने २००९ मध्ये स्थानिक संस्थांसाठी सक्तीचा कायदा मंजूर केला, राज्यपालांची संमती मिळायला २०१४ उजाडलं आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बीडचं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्याच्या गाडीत बसतं ते उन्हाळ्यातच परततं. २०२४ची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरात झाली. त्या कुटुंबाला आपण दंड करणार का? स्थलांतरितांना आहे तिथून मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगाने २०२३च्या जानेवारीत दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना पक्षांपुढे ठेवला होता. पक्षांचा विरोध झाला आणि विषय मागे पडला. शंका रास्त असतील, पण मग त्या कुटुंबांच्या मताचं काय, हा प्रश्न नंतर कुणी लावून धरला?

सवलती बंद करा म्हणणाऱ्यांना मी बाबासाहेबांची आठवण करून देईन. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी मताधिकाराचा प्रश्न मांडला, तेव्हा मत हे मालमत्ता आणि सारा भरणाऱ्यांचं होतं. कमिशनपुढे त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. मताचा हक्क हे लायकी सिद्ध केल्यावर मिळणारं बक्षीस आहे, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. सार्वजनिक जीवनात भाग घेऊनच माणूस त्यासाठी तयार होतो, असं ते मांडत होते. आज मालमत्तेची अट गेली आहे, पण तिच्या जागी कागद आला आहे. पालावर राहणाऱ्या भटक्या-विमुक्तांकडे ना जन्माचा दाखला असतो ना वीजबिल. ‘लोक मत देत नाहीत’ म्हणताना ही माणसं आपल्या डोळ्यांसमोर असतात का?

नागरी गटांवरचा सर्वांत कठीण आक्षेप वेगळाच आहे: तुम्हाला निवडलंय कुणी? तुम्ही सोसायट्यांमधले लोक, तुम्हाला फेरीवाले नकोत, झोपड्या नकोत, आणि स्वतःला मात्र ‘नागरिक’ म्हणवता. हा आक्षेप मी उडवून लावत नाही, कारण असे गट मी पाहिले आहेत. पदपथ मोकळा करा म्हणून पालिकेला पन्नास पत्रं लिहिणाऱ्यांनी त्या पदपथावरच्या भाजीवालीचं नाव यादीत आहे की नाही, हे कधी विचारलेलं नसतं. पण या प्रश्नाचं एक उत्तर महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वीच देऊन पाहिलं होतं. पर्वतीवरच्या देवस्थानाच्या कारभाराच्या वादातून २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा उभी राहिली. तिच्या सभासदाला किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. मताधिकार कुणालाच नसलेल्या काळात, तू कुणाच्या वतीने बोलतोस, हे आधी कागदावर दाखव, अशी ही अट होती. १८७६-७७च्या दुष्काळात सभेने गावोगाव माणसं पाठवून माहिती गोळा केली आणि सरकारपुढे ठेवली. तरीही त्या मुखत्यारपत्रांवर कुणबी, माळी, महार, मांग फारसे नव्हते आणि जोतीराव फुल्यांनी सभेच्या ‘सार्वजनिक’पणावर टीका केली ती योग्यच होती. दोन्ही गोष्टी आपण घ्यायला हव्यात. गटाने बोलण्याआधी सह्या आणाव्यात, आणि त्या सह्या कोणत्या गल्लीतून आल्या नाहीत, हेही दरवेळी मोजावं.

दुसरा आक्षेप पक्षांच्या शिरकावाचा. यादीचं काम करणारा गट उद्या एखाद्या पक्षाचा बूथ होईल, नावं घालण्यापेक्षा विरोधकांची नावं उडवण्यात त्याला रस वाटू लागेल. ही भीती अजिबात काल्पनिक नाही, सात नंबरच्या अर्जाचा गैरवापर सहज करता येतो. म्हणून आमच्या गटाने एक नियम घालून घेतला: मृत व्यक्तीचं नाव वगळायचा अर्ज घरच्यांच्या सहीशिवाय द्यायचा नाही, आणि स्थलांतरिताचं नाव आपण होऊन काढायला जायचं नाही, त्याला आठ नंबरचा अर्ज भरायला मदत करायची. यापेक्षाही मोठं संरक्षण उघडेपणाचं आहे. बिहारमध्ये २०२५ मध्ये विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे मतदार यादीची नव्याने तपासणी, झालं तेव्हा मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळली. त्यांतली कोणती आणि का, हे आधी लोकांना कळेना. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही निवडणूक सुधारणांसाठी काम करणारी संस्था आणि इतरांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला आदेश दिला की वगळलेली नावं कारणांसह जाहीर करा. नाव आणि कारण भिंतीवर लागलं की शेजारीण सांगू शकते, अहो, ही बाई तर काल माझ्याकडे आली होती, ही वारली कधी? ६५ लाख हा आकडा घेऊन स्टुडिओत भांडता येतं, पण खरं-खोटं त्या भिंतीपाशीच ठरतं. आपल्याकडे गावात चावडीवाचनाची रीत आहे. तलाठी नोंदी मोठ्याने वाचतो आणि जमलेले लोक हरकत घेतात. शहरात प्रत्येक मतदान केंद्राचं असं वाचन वर्षातून एकदा, सगळ्या पक्षांच्या लोकांना बोलावून का होऊ नये? दुबार नावांवर मोर्चे निघाले, आरोप झाले, खुलासे झाले; पण माझ्या केंद्रातली दुबार नावं मला आणि माझ्या शेजाऱ्यांना एका संध्याकाळी सापडतात.

आता जे मला सर्वांत जास्त लागतं ते सांगते. मतदान हे पवित्र कर्तव्य आहे असं सांगणारे सगळे मान्यवर, मतदानच होत नव्हतं तेव्हा कुठे होते? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली यांची तर २०२० मध्येच. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झालीच पाहिजे. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न गंभीर होता, प्रभागरचनेचे वाद होते, याचिका होत्या, हे मान्य. पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावल्यावरही निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. काही शहरांत एक संपूर्ण कार्यकाळ प्रशासकाच्या हाती गेला. १९८९ मध्ये मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणलं ते तरुणांना लवकर सहभागी करून घेण्यासाठी. इथे मात्र २०२० मध्ये अठरा वर्षांच्या झालेल्या मुलामुलींनी आपल्या शहराचा कारभारी निवडायला तेविसावं वर्ष ओलांडलं. या सहा वर्षांत किती मतदार-जागृती मंचांनी ‘आमचं मत कुठे आहे’ म्हणून एक निवेदन तरी दिलं? आणि निवडणूक झाली तेव्हाही काही प्रभागांत उमेदवार बिनविरोध आले, म्हणजे त्या जागेसाठी तिथल्या मतदाराला बटण दाबायची वेळच आली नाही. त्याला आळशी म्हणायचं?

निवडणूक झाल्यावर काय, हाही प्रश्न याच्याच पोटात आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे ग्रामसभेसारखी शहरी मतदारांची सभा. आपल्या ओळखीत क्षेत्रसभेला गेलेला एक माणूस शोधून पाहा. मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत एका प्रभागाला चार नगरसेवक आहेत. गटार तुंबलं की चौघेही तिसऱ्याकडे बोट दाखवतात. तरीही जिथे लोकांनी फट शोधली तिथे काही घडलं. पुणे महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. पुष्कळ लोकांना ते माहीतच नसतं, पण ज्या गल्लीने अर्ज भरला तिथे बाक आला, पदपथ आला. मुंबईत जुहूच्या नागरिकांनी २००७ मध्ये आपला एकमताचा उमेदवार, अ‍ॅडॉल्फ डिसूझा, उभा केला आणि पक्षांना हरवून निवडून आणला. पुढच्या वेळी ते हरले. लोक हा प्रयोग फसल्याचं सांगतात, पण हरण्याची शक्यता असलेली निवडणूक लढवणं हे काही अपयश नव्हे, आणि पाच वर्षं नगरसेवकाने मतदारांना बोलावून विचारावं ही अपेक्षा त्या वॉर्डाने तरी एकदा अनुभवली.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने तर याहून पुढचं दाखवलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळे ऐकवतात. तिच्यामागे महिनोन्‌महिने चालणारे अभ्यासगट होते आणि सर्वसहमतीशिवाय निर्णय न घेण्याची चिकाटी होती, हे क्वचित सांगतात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी कित्येक वर्षं हे बैठकांचं काम केलं, तेव्हा २००९ मध्ये गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. हजार-बाराशे मतदारांचं शहरी केंद्र मेंढ्यासारखं होणार नाही, तिथे लोक भाड्याने येतात आणि जातात, एकमेकांची नावंही माहीत नसतात. पण निदान नावं माहीत करून घेण्यापासून सुरुवात करता येतेच, आणि मतदार यादी म्हणजे सरकारने छापून दिलेली शेजाऱ्यांच्या नावांची वहीच असते.

बेघर माणसाला मतदार होण्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही, हे अनेक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतं. त्याने सहा नंबरच्या अर्जात आपण जिथे झोपतो ती जागा लिहायची. केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री तिथे जाऊन, एकापेक्षा जास्त रात्री, तो खरंच तिथे झोपतो का ते पाहतो. आमच्याकडच्या बीएलओ शाळेतल्या बाई आहेत. दिवसभराची शाळा आटोपून त्या रात्री दहा वाजता उड्डाणपुलाखाली आल्या, आम्ही दोघी बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर होतो. पहिल्या रात्री पांघरुणाखालून कुणी तोंड बाहेर काढेना, पोलीस आले असं वाटून दोघं उठून गेले. दुसऱ्या रात्री एका म्हातारीने बसायला पोतं पुढे केलं. बाईंनी नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, शंकरची आई. बाईंनी पेन थांबवलं आणि पुन्हा विचारलं, तुमचं स्वतःचं नाव काय? तिला आठवायला थोडा वेळ लागला.